कोपऱ्यावरचं गाव शेजारी धरायचं का

नसीमा,

तुझा जनाजा निघाला तेव्हा मी आत बायकांमध्ये बसले होते. गल्लीतल्या शेडमधले यंत्रमाग बंद ठेवले होते. इचलकरंजीतल्या तुझ्या घरी मी इतक्यांदा आले, पण ती गल्ली अशी गप्प कधी ऐकली नव्हती. माणसं कबरस्तानाकडं गेली आणि ती परत यायच्या आधीच पलीकडच्या शेडमध्ये एक माग सुरू झाला. मग दुसरा. तुझ्या वहिनीला राग आला. अम्मी म्हणाल्या, "चालू द्या. त्या आवाजातच तिला झोप लागायची." तेव्हा मला रडू आलं.

शेजारी बसलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "तुमी कोन त्यांच्या?"

"आम्ही एकत्र काम करत होतो," मी म्हटलं. मैत्रीण म्हणायला जीभ रेटेना. तो शब्द खोटा होता म्हणून नव्हे. रेखा गेल्यापासून आपण दोघी एका खोलीत बसत होतो, एका डब्यातलं खात होतो, आणि कामापलीकडचं एक वाक्य एकमेकींशी बोलत नव्हतो. म्हणून.

त्या दिवशी आलेल्या कुणालाच तू काय करायचीस ते नीट सांगता येत नव्हतं. "कंप्युटरवर नकाशे करायची," तुझा भाऊ सांगत होता. नकाशे मी करायची. कोल्हापुरात कॉलेजच्या भूगोल विभागात मागच्या बाजूला ती लहान खोली होती, तिथं मी गावांच्या हद्दी काढायची आणि तू त्यांच्यावर गणित करायचीस. तू संख्याशास्त्राची, मी भूगोलाची. दोघी कंत्राटावर. पहिल्याच आठवड्यात तू माझ्या स्क्रीनवर बोट ठेवून विचारलंस, "सुजाता, ह्या गावाचे शेजारी किती?"

मी मोजून सांगितले.

"आणि हे कोपऱ्यावरचं? ह्याची शीव नुसती टेकलीया. हे शेजारी धरायचं का न्हाय?"

मी म्हटलं, धरायचं की. तू म्हणालीस, "का?" आणि आपलं भांडण सुरू झालं.

बाहेरच्या माणसाला हे पोरकट वाटेल. एखाद्या गावात रोग जास्त आहे, तेवढ्यानं फार काही कळत नाही. त्याच्या शेजारच्या गावांतही जास्त असेल तर मग पुंजका आहे, आणि पुंजक्याला काहीतरी एक कारण असतं. ते बघायचं तर आधी प्रत्येक गावाचे शेजारी कोण हे ठरवावं लागतं. यंत्र ते ठरवत नाही. माणूस ठरवतो. ज्यांची शीव लांबीनं एक आहे तेवढेच शेजारी, हा हत्तीचा शेजार. कोपऱ्याला कोपरा लागला तरी शेजारी, हा वजिराचा. ही नावं बुद्धिबळातली, आणि मुलांना शिकवताना तू पटच मांडायचीस. शीव सोडून द्यायची आणि गावांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर ठरलेल्या मर्यादेत आहे का ते बघायचं, हा तिसरा प्रकार. त्यात लांब पसरलेल्या गावाला कधीकधी एकही शेजारी मिळत नाही. चौथा, प्रत्येक गावाला त्याची सगळ्यात जवळची ठरावीक गावं द्यायची. त्यात कुणी एकटं पडत नाही, पण अमक्याचा तमका शेजारी आणि तमक्याचा अमका नाही, असं होऊन बसतं.

एकदा वर्गात मला राहवलं नाही. मी मुलांना म्हटलं, बघा, माणसांचंही असंच असतं. तू मागच्या बाकावरून ओरडलीस, "मॅडम, हे गणित हाय, कीर्तन न्हवं." पोरं हसली. मीही हसले. पुण्याहून आलेल्या नव्या मॅडम मात्र तुझ्याकडं बघत राहिल्या. तुझं ते आपल्याकडच्या बायकांसारखं 'आलो', 'गेलो', 'जेवलो' त्यांना कळायचं नाही. इतकी शिकलेली बाई पुरुषासारखं का बोलते, असं त्यांनी मला खाजगीत विचारलंही होतं. तुला सांगितल्यावर तू म्हणालीस, "सांग की, इकडं समद्या असंच बोलत्यात. पावणं हायसा, शिका."

कावीळ सुरू झाली त्या वर्षी आरोग्याच्या कचेरीनं आपल्याकडं काम दिलं. नदीकाठच्या गावांत रुग्ण वाढत होते. पाणी कुठं तपासायचं, कुठली लाईन आधी उकरायची, याचा क्रम त्यांना हवा होता. सगळीकडं एकदम जाण्याइतकी माणसं त्यांच्याकडं नव्हती.

सगळं अडलं ते एका गावावर. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. आपण त्याला 'कोपरा' म्हणायचो, इथंही तेच राहू दे. कोपऱ्यात तेव्हा रुग्ण थोडे होते, पण त्याला लागूनचा गावांचा पुंजका काविळीनं भरला होता. लागून म्हणजे, चार गावांच्या शिवा एका ठिकाणी मिळत होत्या आणि कोपरा त्या पुंजक्यातल्या एका गावाला तेवढ्या एका बिंदूत टेकत होता. हत्तीनं मोजलं की बाहेर. वजिरानं मोजलं की आत.

"हा बिंदू खरा हाय, का तुझ्या माऊसनं झालाय?" तू विचारलंस.

खरंच की. हद्दी जुन्या नकाशांवरून मीच गिरवल्या होत्या. हात केसभर सरकला तरी चार शिवा एका जागी मिळत नाहीत. मध्ये एखादी चिंचोळी पट्टी उरते आणि शेजार तुटतो. मी म्हटलं, चल, बघूनच येऊ.

ती सकाळ मला लख्ख आठवते. उसाच्या सऱ्यांतून आपण शिवेचा दगड शोधत होतो. पाचटानं तुझे हात कापले होते आणि तू मोठमोठ्यानं मला शिव्या देत होतीस. तो आवाज ऐकून सुनंदाबाई आल्या. शेत त्यांचंच. "काय हरवलं वो?" त्यांनी विचारलं. तू म्हणालीस, "मावशी, तुमच्या गावाचा शेवट हरवलाय." त्या हसल्या, विळा खांद्याला लावला आणि बांध दाखवायला पुढं निघाल्या. दगड होता. चारही बाजूंना चार गावं. कोपरा खरा होता.

मग त्यांनी घरी नेलं. त्यांची मुलगी रेखा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा लागला होता. तिनं तांब्या-भांडं आणलं आणि आपण दोघी घटाघटा पाणी प्यायलो. तू तिला विचारलंस, "सासर कुठलं?" ती म्हणाली, "जोतिबाच्या पायथ्याला. तिकडं पाण्याचं लई हाल. इकडं दारात नळ हाय." तुझं भांडं रिकामं झालं तसं तिनं पुन्हा भरलं. निघताना तू तिला तुझा नंबर दिलास, मुलगी झाली तर कळव म्हणालीस. "का वो, मुलगा झाला तर?" तिनं विचारलं. "मुलगा झाला तर गावच कळवंल," तू म्हणालीस.

खोलीत परत आलो आणि चारही प्रकारांनी गणित केलं. काही गावं चारही नकाशांत लाल झाली. कोपरा दोनांत लाल झाला. वजिराच्या शेजारात आला, जवळच्या गावांच्या हिशोबातही आला. हत्तीत नाही. अंतरातही नाही, कारण त्याची जमीन डोंगराकडं पसरलेली, मध्यबिंदू लांब पडायचा.

मी म्हटलं, "वजिराचा एकच नकाशा देऊया. शिवेचा दगड आपण डोळ्यांनी बघितलाय. कारण देता येतं."

"कारण मागनं आलंया तुझं," तू म्हणालीस. "गाव आधी ठरवायचं आणि मग त्याला आत घेनारा शेजार हुडकायचा, हे मी करनार न्हाय. उद्या दुसरा कोन येईल आणि त्याला नको असलेलं गाव बाहेर काढायला हत्ती घिऊन बसंल. त्याला काय सांगशील?"

"तिथं माणसं आहेत, नसीमा."

"समद्या नकाशात मानसंच हाईत."

मग तू ते वाक्य बोललीस. "तुझी वस्ती कोडोलीत कडंला हुती, म्हणून तुला कोपऱ्याचं दुखतंय. दुखतंय म्हणून शेजार बदलायचा?"

आमच्या बौद्धवाड्याचं मी तुला विश्वासानं सांगितलं होतं. गावाच्या कामात आमची गल्ली नेहमी शेवटी यायची, ते. दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर मी उठून गेले असते. मी म्हटलं, "व्हय, दुखतंय. दुखतंय म्हणूनच मला दिसतंय."

तू दोघींसाठी चहा मागवलास. ती तुझी माफी होती हे मला कळलं. पण नकाशे तू चारच ठेवलेस, आणि शेवटी मीही चारांखाली सही केली, कारण तुझं म्हणणं मला खोडता आलं नव्हतं. अजूनही येत नाही.

बैठकीत साहेबांनी कागद उलटसुलट केले. "मॅडम, चार नकाशे घेऊन मी काय करू? मला गावांची नावं द्या."

तू उभी राहून शांतपणे समजावलंस. ही गावं चारहींत येतात. ही दोनांत. फरक का पडतो ते खाली लिहिलंय.

"म्हणजे पक्की ही," साहेबांनी चारहींतल्या गावांवर खूण केली. "उरलेली पुढच्या टप्प्यात बघू."

"उरलेली पक्की नाहीत असं नाही, सर. आम्हाला ठरवता येत नाही, एवढंच."

"तेच की, मॅडम."

तो माणूस वाईट नव्हता. त्याच्यापुढं कामाचा डोंगर होता आणि आपण त्याला तो लहान करायची सोय करून दिली. बाहेर पडल्यावर तू पायऱ्यांवर थांबलीस. कुठला नकाशा खरा याची घाई होऊ नये म्हणून तू चारही पुढं ठेवले होतेस. साहेबांनी त्याच नकाशांची चाळण केली. तू म्हणालीस, "हे माझ्या ध्यानातच आलं न्हाय." तुझ्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

मग पाऊस ओसरला, आणि रेखाचा फोन तुला आला. डोळे पिवळे झालेत, उलट्या होतायत. तू तिला ताबडतोब कोल्हापूरला आणायला सांगितलंस आणि स्वतः सरकारी दवाखान्यात जाऊन थांबलीस. बाळंतपणात ही कावीळ किती वाईट ते आपण रोज वाचत होतो. मी दुपारी आले तेव्हा सुनंदाबाई वऱ्हांड्यात पदराचं टोक चावत बसल्या होत्या. तू उभी होतीस. बाळ आधी गेलं. रेखा पुढं शुद्धीवर आली नाही.

त्यानंतर आपण तो विषय काढला नाही. काढला, खरं तर. मीच दोनदा काढला. पहिल्या टप्प्यातल्या गावांत पाण्याची तपासणी कधी झाली ते मी बघून ठेवलं होतं. ती रेखाच्या आजाराच्या जरा आधी झाली. ही कावीळ अंगात शिरल्यापासून डोळ्यांत दिसायला कित्येक आठवडे जातात. म्हणजे कोपऱ्याचं नाव पहिल्या यादीत असतं तरी बहुतेक उशीर झालेला असता. कदाचित आपण तिच्या हातचं पाणी प्यायलो, तेव्हाच झालेला होता. हे मला तुला सांगायचं होतं. मी "नसीमा, त्या तारखा..." म्हटलं की तू स्क्रीनकडं वळायचीस. एकदा म्हणालीस, "चहा सांग जा." आणि तू ऐकून घेतलं असतंस तरी काय म्हणाली असतीस तेही मला ठाऊक आहे. "बहुतेक म्हंजे पुरावा न्हवं."

नव्हेच. मला तरी कुठं खात्री आहे? त्या आठवड्यांत तपासणीचा माणूस कोपऱ्यात गेला असता आणि कुणी रेखाला पाणी उकळून प्यायला सांगितलं असतं, तर? वजिराचा एकच नकाशा दिला असता, तर? मी बरोबर होते असं म्हणायचं तर तुझ्यावर तिचं मरण टाकावं लागतं. तू बरोबर होतीस म्हणायचं तर त्या वऱ्हांड्याकडं पाठ करावी लागते. दोन्ही माझ्याच्यानं होत नाही. आणि आता तू गेलीस म्हणून ते सोपं झालं, असंही नाही.

तू त्यानंतर जे केलंस ते मात्र मी जवळून बघितलं. तू शिवा सोडून दिल्यास. कुठल्या गावाच्या टाकीत पाणी कुठून येतं याचा माग काढत तू उन्हातान्हात फिरलीस, आणि कोपरा आणि ती भरलेली गावं नदीवरच्या एकाच पंपघराचं पाणी पितात हे बाहेर आलं. मग तू नवा शेजार मांडलास. एक पाणी, ते शेजारी. या नकाशात कोपरा कडेला नव्हता. पुंजक्याच्या मधोमध होता.

मी तो नकाशा बराच वेळ बघत राहिले. मग म्हटलं, "आता तूही गाव आधी ठरवलंस."

मला वाटलं तू चिडशील. तू चष्मा काढून टेबलावर ठेवलास. "न्हाय. ह्या बारीला पाणी आधी ठरवलं. ते पयल्यांदाच करायला पायजे हुतं. शिवेवरनं आपुन दोघी भांडत बसलो, आणि रोग शिवेवरनं चालतच नव्हता."

आपुन दोघी, असं तू म्हणालीस. तुझ्या त्या दोन शब्दांवर मी किती दिवस काढले ते तुला माहीत नाही.

तो नकाशा साहेबांकडं गेला. दुसऱ्या टप्प्यात कोपरा आला. पंपघराजवळ गटाराचं पाणी लाईनमध्ये शिरत होतं ते सापडलं, लाईन बदलली. तू साहेबांचा फोन ठेवलास आणि मला फक्त "झालं" म्हणालीस. तुझा रक्तदाब त्या काळात वाढलेला होता. गोळ्या घेतेस का विचारलं की "घेतो की" म्हणायचीस. आणि परवा दुपारी तू एसटीनं घरी गेलीस, जेवलीस, छातीत कळ आली म्हणालीस. दवाखान्यापर्यंत पोचली नाहीस.

आज तिसऱ्या दिवसाच्या जियारतीला मी पुन्हा इचलकरंजीला आले. फातिहा झाला, बायका उठायला लागल्या, तेव्हा दारात सुनंदाबाई दिसल्या. मी त्यांना दवाखान्यानंतर बघितलं नव्हतं. त्या तडक अम्मींकडं गेल्या, त्यांचे हात हातात घेतले आणि खाली बसल्या. दोघी आया. अम्मींनी विचारलं, "तुम्ही कशी ओळखता हिला?"

"यायची की माझ्याकडं," सुनंदाबाई म्हणाल्या. "बाजाराच्या दिशी."

मला हे ठाऊक नव्हतं, नसीमा. त्या दिवशी तू लवकर निघायचीस ती अम्मींच्या गुडघ्याच्या शेकासाठी, असं तूच सांगितलं होतंस. अम्मींनी माझ्याकडं बघितलं, मी अम्मींकडं. 

"रेखाच्या दिसानंतर आली पयल्यांदा," सुनंदाबाई सांगत होत्या. "उंबऱ्याच्या भायेरच उभी. म्हनली, मावशी, तुमच्या गावाचं नाव यादीत आलं न्हाय ते माझ्या हिशोबानं. समदं इस्कटून सांगितलं. मला काय त्यातलं कळलं न्हाय. एवढंच कळलं, की ही सोताहून सांगाय आलीया. दुसरं कोन आलं न्हाय. मी म्हनलं, बाई, मी तुला माफ करनार न्हाय. माझी पोरगी गेली. पन तू येत जा."

"मग?" अम्मींनी विचारलं.

"मग आली की. दर बाजाराला. चुलीपुढं बसायची. कधी बोलायचो, कधी न्हाय. काल बाजाराला आली न्हाय तवा मी मनात म्हनलं, कटाळली. मग कळलं." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "अजून माफ केलेलं न्हवतं मी तिला. तिला ठावं हुतं. तरी यायची."

अम्मी रडल्या. मग त्यांनी वहिनीला सांगून सुनंदाबाईंना ताट वाढायला लावलं, आणि त्या समोर बसून जेवेपर्यंत हलल्या नाहीत.

परतीला आम्ही दोघी एकाच एसटीत बसलो. त्या खिडकीशी, मी कडेला. बराच वेळ मी वाक्य जुळवत होते. त्या आठवड्यांचं, त्या तारखांचं, यादीत नाव असतं तरी काय झालं असतं त्याचं. तुला सांगता आलं नाही ते निदान त्यांना सांगावं असं वाटलं. मग वाटलं, ते ऐकून त्यांचं काय हलकं होणार? हलकं व्हायचं होतं ते मला. मी गप्प बसले.

फाट्याला त्या उतरायला उठल्या. पिशवी सावरत म्हणाल्या, "तुमचं नाव लई असायचं तिच्या तोंडात. सुजाता असं म्हनती, सुजाता तसं म्हनती. तुमी कधी आला न्हाईसा."

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"आता कळलं की." गाडी थांबली. पायरीवरून त्यांनी मागं वळून बघितलं. "नळाला चांगलं पानी येतंया आता. तरी मी उकळूनच पितो. तुमास्नीबी उकळल्यालंच दीन. बाजाराच्या दिशी या."